पोरांचा डॉक्टर

हृदयविकाराच्या डॉक्टरला त्याचा पेशंट जन्मभर विसरत नाही. हाडांच्या डॉक्टरची आठवण पेशंट दर पावसाळ्यात गुडघा चोळत काढतो. दाताच्या डॉक्टरला तर शिव्या देण्यासाठी का होईना, लक्षात ठेवतो. माझ्या पेशंटांनी मला कधी ओळखलेलंच नाही. पलूसच्या बाजारात, एसटी स्टँडवर, किर्लोस्करवाडीच्या फलाटावर ते मला खेटून पुढं निघून जातात. ओठावर मिसरूड, डोळ्यांवर गॉगल, एका मोटारसायकलवर तिघं. यांची नाळ वेळेवर गळून पडते की नाही याची काळजी कधीकाळी मी वाहिलेली असते, यांच्या शीचा रंग आठवडा-आठवडा निरखलेला असतो. आणि हे मला म्हणतात, "ओ काका, जरा सरका की बाजूला."

ओळखते ती त्यांची आई. मेथीची जुडी हातात तशीच धरून ती भर बाजारात हाक मारते, "डॉक्टर! अहो, ओळखलासा का ह्याला? हा आमचा थोरला. ए, पाया पड. अरे, ह्यांच्या सदऱ्यावर किती बारी मुतलायस तू!" थोरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो. सोबत चार मित्र असतात, एखादी मैत्रीणही असते. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटतं, त्याला मी कृतज्ञता म्हणणार नाही.

तक्रार नाही. आमच्या धंद्याची रीतच ही. ब्लडप्रेशरचा पेशंट एकदा लागला की शेवटपर्यंत आपला, डॉक्टर आणि तो बरोबरीनं म्हातारे होतात. आमचा पेशंट बरा होतो, मोठा होतो आणि सोडून जातो. १९६३ साली स्थापन झालेल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या आमच्या संघटनेच्या हिशेबानं अठरा वर्षांपर्यंतचं मूल आमचं. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात सातवी-आठवीतला पोरगा सशाच्या चित्राखालच्या बाकावर बसायला तयार नसतो. आईला कोपरानं ढोसून दबक्या आवाजात म्हणतो, "मी काय बारका हाय का? मला मोठ्या डॉक्टरकडं ने." तिथं आमची फारकत. असं रोज कुणी ना कुणी मला निवृत्त करत आलं, त्यामुळं मी खरोखर निवृत्त झालो तेव्हा त्यात नवीन असं फारसं काही उरलं नव्हतं.

'मोठा डॉक्टर' हे प्रकरण माझ्या घरातही होतं. आमचं घर शेतकऱ्याचं. पलूसच्या आसपास तेव्हा द्राक्षाचं आजच्यासारखं वेड नव्हतं. ज्वारी, भुईमूग, नदीच्या अंगाला ऊस. घरात घड्याळ असलं तरी वेळ बघायची ती किर्लोस्करवाडीच्या भोंग्यावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावरचं निवडुंग तोडून कारखाना उभा केला, तेव्हापासून या पट्ट्यातल्या बापांना आपलं पोरगं लेथवर उभं राहावं असं वाटत आलंय. आमच्या आबांचंही तेच होतं. मी मिरजेला मेडिकलला गेलो, ते त्यांनी चालवून घेतलं. मिरजेचं सरकारी कॉलेज १९६२ सालचं. पण ते गाव डॉक्टरांचं झालं त्याच्या कितीतरी आधी, १८९४ साली वॉन्लेससाहेबांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून. माझ्या वेळीही जत तालुका आणि पलीकडचा कानडी मुलूख गाठोडी घेऊन मिरजेच्या स्टेशनवर उतरायचा. तिथून मी परळच्या वाडिया हॉस्पिटलात गेलो. खास मुलांसाठी १९२९ साली उघडलेलं हॉस्पिटल ते. तिथं काय शिकलो ते सांगत बसत नाही, पुस्तकात आहे.

डीसीएच, म्हणजे बालरोगाचा डिप्लोमा, घेऊन घरी आलो. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरांचा डॉक्टर?"

"हो."

"बरं. आणि मोठ्या माणसांचा कधी होणार?"

त्यांच्या हिशेबात हे प्राथमिक शाळेच्या मास्तरासारखं होतं. चार-पाच वर्षं बारक्या पोरांवर हात बसला की बढती मिळून हायस्कूलला. मी पुष्कळ समजावलं, पण शेवटपर्यंत ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, "सध्या पोरांचं बघतोय."

१९८१ साली पलूसला पाटी लावली. सुरुवातीला आले ते सगळे मोठेच. कुणाची कंबर, कुणाचं पित्त. लहान मुलांना वेगळा डॉक्टर कशाला लागतो, हे कुणाला पटत नव्हतं. पोराला द्यायचं औषध म्हणजे बापाच्या गोळीची अर्धी, आणि फारच बारकं असेल तर पाव. मग एका दुपारी एक आजी नातवाला घेऊन आली आणि माझ्या खऱ्या शिक्षणाला सुरुवात झाली.

बालरोगाच्या दवाखान्यात पेशंट एक असतो आणि आत शिरतात चौघं. मूल, आई, बाप आणि आजी. मूल बोलत नाही. आईला बोलू देत नाहीत. बापाला काही ठाऊक नसतं. ऑक्टोबर छाटणी कोणत्या तारखेला धरली, कितवी फवारणी झाली, तासगावला बेदाण्याचा सौदा काय निघाला, हे त्याला तोंडपाठ. पोराची जन्मतारीख विचारली की बायकोकडं बघतो. राहता राहिली आजी. समोरची खुर्ची तिची. ती निदान करूनच आलेली असते. "दात याय लागल्यात, त्याचं जुलाब हाईत." किंवा, "दिष्ट लागलीया वो. पर म्हटलं, तुमालाबी एकदा दावावं." हे 'तुमालाबी' मला पहिली काही वर्षं फार लागायचं.

कारण तिच्याकडं तिचा दवाखाना होता. सहाण होती, वेखंड, मायफळ, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा होता. कशाचे किती वळसे हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. मी तापाचं औषध लिहून द्यायचो, घरी गेल्यावर ती मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकायची आणि दोन्ही उपचार एकाच वेळी चालू व्हायचे. ताप उतरला की श्रेय मोहरीला. नाही उतरला की "डॉक्टरचा गुण न्हाई." फी मात्र मलाच मिळायची, मोहरीला नाही, एवढ्यावर मी समाधान मानायला शिकलो.

तिच्याशी भांडून काही होत नाही, हे कळायला वेळ लागला. जिंकायचं तर तिच्याच गोठ्यात जाऊन. पहिल्या दोन-तीन दिवसांचं आईचं दूध, तो घट्ट पिवळसर चीक, त्या वेळी कितीतरी घरांत पिळून टाकून द्यायचे आणि बाळाला मधाचं बोट नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचे. त्या चिकात बाळाला रोगाशी झगडायची पहिली शिदोरी असते, अँटिबॉडीज असतात, वगैरे मी तळमळून सांगायचो. आजी ऐकून घ्यायची आणि सुनेला म्हणायची, "पिळून टाक." एकदा कंटाळून मी विषयच बदलला. आमचा हा भाग दुधाचा. शेजारी भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली डेअरी काढली, तेव्हापासून म्हशीशिवाय घर नाही.

"आजी, म्हस कधी व्यायली?"

"झालं की पंधरा दिवस."

"रेडकाला पहिल्या दिवशीचा चीक पाजलात?"

"पाजला की! न्हाईतर जगंल कसं त्ये?"

"आणि उरलेल्याचा खरवस केलात."

"केला. तुमाला धाडाय पायजे व्हता, ऱ्हायलं बगा."

"मग नातवानं काय घोडं मारलंय?"

आजी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "घे पदराखाली." वाडियात शिकलेलं जे सांगून पटलं नव्हतं, ते रेडकानं पटवलं. पुढं मी हाच युक्तिवाद गावोगाव वापरला. अंकलखोप, बुर्ली, आमणापूर, दुधोंडी, कुठंही तो हुकला नाही.

बरं, आजीचं सगळंच चुकीचं म्हणावं तर तिथंही पंचाईत. काजळ, नाका-कानात तेल, टाळू भरण्याच्या नावाखाली डोक्यावर ओतलेली वाटी, यांच्याशी मी जन्मभर लढलो आणि त्यातलं थोडंफार जिंकलो. पण बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसणाऱ्या आजीला मी हसायचो, ते नंतर बंद केलं. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात, एसेक्समधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात फिरवून आणायच्या. एका बाळाचं अंग फिकट झालंय आणि चादरीच्या टोकाखाली झाकलेला तेवढाच तुकडा पिवळाजर्द राहिलाय, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातून नवजात बाळाच्या काविळीवरचा प्रकाशाचा उपचार निघाला. आज बाळाला निळ्या लाईटखाली ठेवतात तो हाच. काविळीला नुसत्या उन्हावर विसंबून राहू नये हे खरंच, पण वाट त्या अंगणातूनच निघाली. बाळाला उघडं करून पोटाशी धरायचं आणि वरून लुगडं गुंडाळायचं, हे आजीचं दुसरं शास्त्र. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाला, डॉक्टर एडगर रे यांना बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला आता कांगारू म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा होतात. एका कार्यशाळेत मी चहाच्या वेळेला आमच्याकडच्या लुगड्याबद्दल बोललो. कुणी लिहून घेतलं नाही.

आमच्याकडं पेटी होती, वीज नव्हती. भारनियमनाच्या त्या वर्षांत पेटीतलं बाळ आणि बाहेरचं बाळ यांत फरक एवढाच की, पेटीतलं काचेतून दिसायचं. तेव्हा असंच एक चौदाशे ग्रॅमचं पोर आम्ही पाळीपाळीनं आईच्या, मावशीच्या आणि शेवटी आजीच्या छातीला बांधून वाढवलं. मधल्या काळात ते मला कधी दिसलं नाही. पुढं एकदा कुंडलच्या कुस्ती मैदानात गर्दीत उभा होतो. हलगी कडाडत होती, लाल मातीत दोन जोड्या लागल्या होत्या. शेजारच्या माणसानं बोट दाखवलं, "ते लांगवालं बघा, ते आमचं. तुमच्याकडंच व्हतं पेटीत." मी बघितलं. मान आणि खांदा यांच्या मधे काही जागाच नव्हती. कुस्ती मारून तो आला, मातीच्या हातानंच नमस्कार केला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. मी सवयीनं म्हणालो, "धनुर्वाताचं इंजेक्शन घे." तसा तो मैदानात उतरल्यापासून पहिल्यांदाच दोन पावलं मागं सरकला.

तपासणीचंही सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं डॉक्टर म्हणजे आधी स्टेथोस्कोप. आमच्यात पहिलं मिनिट हात न लावण्याचं. मूल आईच्या मांडीवर, झबलं वर केलेलं, आणि मी एक डोळा घड्याळाकडं आणि एक त्याच्या पोटाकडं ठेवून श्वास मोजतोय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याचे ५० आणि पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा त्याहून जास्त भरले की न्यूमोनिया धरून चालायचं. आमच्याकडं त्याला 'डबा' म्हणतात. बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला की बायका "पोट उडतंय, पोट उडतंय" म्हणत धावत येतात, आणि त्यांचं बहुधा बरोबर असतं. हे मोजणं मूल रडायच्या आत उरकावं लागतं. पूर्ण मिनिटभर मी हलायचो नाही. एका आजीनं सुनेला हळूच विचारलं होतं, "झोपला का गं ह्यो?" मग चकती तळहातात धरून ऊबदार करायची, आधी छाती, मग पोट. कान आणि घसा अगदी शेवटी. एकदा घशात चमचा गेला की त्या पेशंटशी आपले संबंध पुढच्या भेटीपर्यंत संपले.

ही श्वास मोजायची विद्या आपली खासगी आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ती खेड्यातल्या बायकांना शिकवली, तान्ह्या बाळाची घरातच काळजी कशी घ्यायची ते शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तो वाचून झाल्यावर मी भिंतीवरच्या माझ्या डिप्लोमाकडं थोडा वेळ पाहत बसलो. आणि पुढच्या आजीला खुर्ची जरा पुढं ओढून दिली.

आयांची तक्रार मात्र माझ्या अख्ख्या कारकिर्दीत एकच होती. "काहीच खात नाही." हे सांगत असताना ते मूल एका हातात बिस्कीट, दुसऱ्या हातात कुरकुऱ्यांची पुडी घेऊन माझ्या टेबलाच्या कडेला दात लावून बघत असायचं. वजन केलं, तक्त्यावर टिंब काढून दाखवलं, अगदी बरोबर रेषेवर आहे म्हणून सांगितलं, तरी आईचा चेहरा पडलेलाच. तिला तक्त्यावरची रेषा नको असते, शेजारणीच्या पोराचे गाल हवे असतात. "काहीतरी टॉनिक द्या." मी टॉनिक दिलं नाही की ती बाई गप्प बसायची, आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानातून स्वतःच घेऊन जायची. दुकानदाराशी माझं या बाबतीत कधी जमलं नाही.

थंडी पडली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कारखान्याच्या आसपास, उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोप्या. पहाटे चारला आई-बाप फडात, आणि कोपीत सात वर्षांची बहीण सहा महिन्यांच्या भावाला सांभाळतेय. ही मुलं रात्री यायची, ट्रॅक्टरमधून, फार उशिरा. त्यांच्यात आजी नसायची, ती गावी राहिलेली असायची. तेव्हा कळायचं की, आजी नसली म्हणजे काय होतं. कुणी टाळू बघून "खाली गेलीया" म्हणणारं नाही, कुणी रात्री उठून अंगाला हात लावणारं नाही. लसीचं कार्ड विचारलं तर "गावाकडं हाय." गाव अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. मग कार्ड नव्यानं लिहायचं आणि ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगायचं, कारण ती पिशवी कुणी हरवत नाही.

लशीच्या बाबतीत माझी पिढी नशीबवान. मी निवृत्त व्हायच्या आधी काही रोग निवृत्त झाले. देवी तर मी पाटी लावायच्या आधीच गेलेल्या. देशातला शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यातला. पोलिओ मात्र आम्ही रांगेनं पाहिला. ताप येऊन गेलेलं आणि एक पाय लुळा पडलेलं मूल, आणि "कालपर्यंत पळत हुतं वो" म्हणणारा बाप. १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला. स्टँडवर, वीटभट्टीवर, यात्रेत टेबलं मांडून आम्ही डाव्या करंगळीला शाई लावत बसलो. हुशार पोरं शाई पुसून पुन्हा रांगेत यायची, कारण काही ठिकाणी थेंबांबरोबर गोळी मिळायची. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला बंगालमध्ये, हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पुढच्याच वर्षी नवजात बाळाचा धनुर्वातही हद्दपार झाल्याचं शिक्कामोर्तब झालं. एका शिकाऊ डॉक्टरनं मला विचारलं, "सर, तुम्ही खरंच पोलिओ बघितलाय?" आवाजात असा काही आदर होता की, जणू मी पानिपत बघितलंय.

मी थांबलो ते कानांमुळं. इतकी वर्षं रोज डझनावारी मुलं अगदी कानाजवळ तारस्वरात रडली, तर कान काय करतील? फुप्फुसाच्या तळाशी केस चोळल्यासारखा जो बारीक आवाज येतो, तो मला ऐकू येईनासा झाला. बोटांनाही नवजात बाळाच्या डोक्यावरची दोऱ्याएवढी शीर पहिल्या प्रयत्नात सापडेना. बाकीचे डॉक्टर नव्वदीतही नाडी बघत बसतात. आमच्या धंद्यात पेशंट काही सांगत नाही, तेव्हा डॉक्टरला ऐकू तरी यायला हवं. पाटी उतरवली. बायको म्हणाली, "आता घरात शांतता." ती शांतता दोघांनाही पहिले काही दिवस सोसवली नाही.

तरी एक खातं माझ्याकडं अजून चालू आहे. आया मुलांना जेवू घालताना जे म्हणतात, "खा, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," त्यातला डॉक्टर पलूसमध्ये मी. हे पद मला कुणी दिलं ठाऊक नाही, पण ते पाटीबरोबर उतरलं नाही. भाजी घ्यायला गेलो की, एखादी अनोळखी सून कडेवरच्या पोराला माझ्याकडं बोट करून दाखवते. पोर आधी माझ्याकडं, मग माझ्या पिशवीकडं बघतं आणि तोंडातला घास गिळून टाकतं. ही सेवा मी विनामूल्य देतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा भिलवडीत, अंकलखोपात, ब्रह्मनाळात शिरली आणि नदीकाठची माणसं शाळांत, कार्यालयांत येऊन राहिली, तेव्हा मी पुन्हा पिशवी उचलली. कान लागतात ते छाती तपासायला. जुलाबाला डोळे पुरतात. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपांनी पाजून माणसं वाचवली. त्याच पाण्याच्या पुड्या मी वाटत फिरलो. पुडी नसेल तिथं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शिगोशिग नाही. एका वर्गात फळ्याखाली बसलेली म्हातारी मला बघून म्हणाली, "डॉक्टर, तुमी अजून हायसा व्हय?" तिच्या आवाजात आनंद होता, असं मी धरून चाललो आहे.

आता गावात नव्या डॉक्टरीणबाई आहेत. हुशार, मनमिळाऊ, आणि रुग्णाला वेळ देणाऱ्या. परवा त्या घरी आल्या. चहा झाला तरी मुद्द्यावर येईनात. शेवटी म्हणाल्या, "सर, एक अडचण आहे. तुम्हीच."

झालं होतं असं. १९८४-८५ च्या सुमाराला माझ्याकडं पहिलटकरीण म्हणून आलेल्या पोरी आता सासवा झाल्यात. आणि आजीची ती खुर्ची त्यांच्याकडं आलीय. त्या वेळची पुस्तकं सांगायची त्याप्रमाणे मी त्यांना सांगितलेलं : चौथ्या महिन्यापासून नाचणीची पेज, मोसंबीचा रस, बाळाला पालथं झोपवा म्हणजे दूध श्वासात जात नाही. पुस्तकं बदलली. बाळाला उताणंच झोपवायचं, हे नव्वदच्या दशकात ठरलं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं चार ते सहा महिन्यांचा घोळ मिटवून पूर्ण सहा महिने निव्वळ आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं सांगितलं. ज्या निमेसुलाइडनं ताप झटकन उतरायचा, ते १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंद झालं. सर्दीची जी औषधं घरोघरी फ्रिजच्या दारात उभी असायची, त्यांतल्या एका मिश्रणावर सरकारनं २०२३ च्या डिसेंबरात चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायला लावलं. पाटी होती तोवरचं सगळं मी वेळोवेळी बदलत गेलो. पण पहिल्या लेकराच्या वेळी ऐकलेलं पक्कं बसतं. डॉक्टरीणबाई काही नवीन सांगायला गेल्या की समोरून येतं, "आमच्या डॉक्टरांनी तर असं सांगितलं हुतं." काजळ, वेखंड, दृष्ट यांच्याशी लढायचं त्यांनी कॉलेजात शिकून घेतलंय. माझ्याशी कसं लढायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही.

मी म्हणालो, चला. मीच सांगतो.

घर ओळखीचं होतं. सासू आता साठीची, केस पांढरे, खुर्चीत तीच ऐट. सुनेच्या मांडीवर चार महिन्यांचा नातू, गुटगुटीत, माझ्याकडं बघून हसणारा. त्याला अजून कुणी माझ्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. मी खाली सतरंजीवर बसलो आणि नीट समजावून सांगितलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पेज नको, रस नको, घुटी नको, पाणीही नको. सहा महिने पुरे झाले की मग सगळं सुरू करा. तिनं मान डोलावत सगळं ऐकलं. मग अगदी मायेनं म्हणाली, "डॉक्टर, तुमी आता रिटायर झालायसा. वय झालं की असं हुतं. इसरायला हुतं माणसाला."

"अहो, मी विसरलेलो नाही. शास्त्र बदललंय."

"त्ये मला काय म्हाईत न्हाई. माझ्याकडं लिवलेलं हाय."

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पिवळा पडलेला कागद होता. वर माझं नाव, माझा जुना पत्ता, आणि खाली माझं ते अक्षर, जे मला स्वतःलाही धड वाचता आलं नाही. तिनं बोट ठेवून घडाघडा वाचून दाखवलं. "चौथा महिना. नाचणी. मोसंबी. सई तुमचीच न्हवं?"

सही माझीच होती. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. सून नवऱ्याकडं बघायला लागली, नवरा मोबाईलकडं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जागतिक आरोग्य संघटना काढली, आतड्यांचं सांगितलं, शेवटी रेडकाचंही काढून बघितलं. रेडकू कधी वैरण खायला लागतं, यावर तिचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा निघाला आणि ती बाजू माझ्यावरच उलटली.

शेवटी तिलाच माझी दया आली असावी. कागदाची घडी पुन्हा पिशवीत घालत ती म्हणाली, "बरं, असू दे. कागदाचं चार, तुमचं सहा. पाचला करून टाकू."